सरड्याचं कुंपण: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. ते कुंपण कशाचं, किती उंच, त्यात दिवा कुठे लावायचा आणि पाणी कसं द्यायचं, हे मात्र म्हण सांगत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी ही मार्गदर्शिका.

निमित्त भाच्याचं. तो नाशकात सातव्या मजल्यावर राहतो आणि मोबाइलवर बघून बघून त्याला सरडा पाळायची हौस आली आहे. साधा नव्हे. एक डोळा पुढे आणि एक मागे फिरवणारा, अंगाहून लांब जीभ फेकून किडा टिपणारा, रंग पालटणारा. शहरातली मुलं त्याला कॅमेलिऑन म्हणतात, मराठी विश्वकोशात तो सरडगुहिरा आहे, आणि आपल्याकडे प्राण्यांची माहिती असणारे लोक घोयरा म्हणतात. "पण मामा, एक अट आहे," भाचा म्हणाला. "जिवंत झाडं नकोत. मातीनं बाल्कनी घाण होते आणि आईला डास चालत नाहीत." मामा कळवणला शेती करतो, तेव्हा बिनझाडाचं काहीही उभं करणं मामाला जमत असणार, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकलेला नाही. ते पुढे येईलच.

पायरी पहिली: प्राणी मिळवणं

कळवण तालुक्यात घोयरा पकडणं अवघड नाही, कारण तो पळत नाही. म्हणीतला सरडा वेगळा. तो कुंपणावर बसून मान खालीवर करणारा, विणीच्या दिवसांत गळ्यापासून लाल होणारा नेहमीचा सरडा. त्याला धाव असते. घोयऱ्याला ती नसतेच. पावसाळा सरता सरता तो नांदुरीच्या रस्त्यावर दिसतो. एक पाय उचलतो, हवेत धरतो, वाऱ्यावर पान हलावं तसा पुढेमागे झुलतो, आणि मग ते पाऊल टाकायचं की नाही याचा फेरविचार करतो. झाडावर ही चाल कामाची आहे. बघणाऱ्या शिक्र्याला वाटतं, पान हललं. सप्तशृंगी गडावरून उतरणाऱ्या जीपला मात्र डांबरावरचं पान हललं काय नि न हललं काय, सारखंच.

तेव्हा गाडी बाजूला लावा. एक काठी घ्या आणि त्याच्या छातीसमोर आडवी धरा. त्याच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी समोरासमोर जुळलेली असतात, चिमट्यासारखी, आणि समोर आलेली फांदी धरायची हे त्या बोटांना कुणी शिकवावं लागत नाही. तो आपणहून काठीवर चढेल. चढताना फुगेल, तोंड वासेल, फुस्स करेल. घाबरू नका, त्याला विष नसतं. आता काठीचं दुसरं टोक रस्त्यापलीकडच्या झुडपाला टेकवा आणि तो उतरून जाईपर्यंत उभे राहा. झाली पहिली पायरी.

प्राणी घरी न्यायचा राहिला असं वाटत असेल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा बघा. घोयरा त्याच्या अनुसूचीत आहे. पकडणं, पाळणं, विकणं, मारणं, सगळा गुन्हा. जामीन, वकील आणि नाशिकच्या फेऱ्या यांचा खर्च पिंजऱ्याच्या खर्चात धरलेला नाही.

पायरी दुसरी: कागद असलेला सरडा

देशी नाही तर परदेशी, हे उत्तर भाच्याकडे तयार होतं. त्याला आवडलेला सरडा येमेन आणि सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच टोप असलेला. दुसरी पसंती मादागास्करची, निळ्या-हिरव्या-तांबड्या अंगाची. जगात या घराण्याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास त्या एका बेटावर राहतात.

ठीक आहे. पण २०२२ साली कायदा सुधारला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याखालचे नियम आले. ज्या परदेशी जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं नियंत्रण आहे, त्यांतला जिवंत प्राणी घरात असेल तर 'परिवेश' या सरकारी पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करायची. आणला तर कळवायचं. दुसऱ्याला दिला तर कळवायचं. पिल्लं झाली तर कळवायचं, मेला तरी कळवायचं. आमच्या आजोबांच्या मृत्यूची नोंद सातबाऱ्यावर यायला अकरा वर्षं लागली, कारण भाऊबंदांचं एकमत होईना. सरड्याला भाऊबंद नसतात, त्यामुळे त्याची नोंद वेळेत व्हायला हरकत नाही.

विकणाऱ्याकडे कागद मागा. तो "कागदाचं नंतर बघू" म्हणाला, तर प्राण्याचंही नंतरच बघा.

पायरी तिसरी: पिंजरा

भाच्यानं माशांची काचेची पेटी हेरून ठेवली होती. नको. काचेत वारा कोंडतो, आणि काचेत दिसणारं स्वतःचंच प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला परका नर वाटतं. हा एकट्यानं राहणारा प्राणी आहे. त्याला शेजारी नको, सोबती नको, जोडीदार विणीपुरताच. एका पिंजऱ्यात दोन ठेवले तर एक जण दुसऱ्याकडे नुसता बघून बघून आजारी पडतो. आमच्या घराण्यात हे मी पाहिलं आहे.

पिंजरा जाळीचा हवा आणि उभा हवा. मोठ्या सरड्याला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. वारा खालून शिरला पाहिजे आणि वरून निघाला पाहिजे. परदेशी पुस्तकांत या एका गोष्टीवर पानंच्या पानं खर्ची पडतात. कळवणच्या माणसाला ती समजावून सांगायची गरज नाही, त्याच्या दारात कांदाचाळ असते.

ज्यानं कांदाचाळ बघितली नाही त्याच्यासाठी थोडक्यात. कांदा काढला तरी तो जिवंतच असतो. श्वास घेतो, ओल सोडतो, गरम होतो. म्हणून चाळीची जमीन दीड-दोन फूट उचललेली असते, खाली फटी, दोन्ही बाजूंना बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या फटी, कांद्याचा थर पाच फुटांच्या आतबाहेर, वर उतरतं छप्पर. वाऱ्याला खालून वर जायला वाट मिळाली की चैत्रात भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत निघतो. वाट बुजली की आधी ओल धरते, मग काजळी, मग सड, मग तो वास, जो एकदा नाकात बसला की श्रावणातल्या सगळ्या उपासांना पुरतो. सरड्याचंही तसंच. ओल हवी, पण कोंडलेली नको. कोंडली की त्याची फुफ्फुसं बिघडतात आणि तो मान वर करून तोंड उघडून श्वास घेऊ लागतो. तेव्हा कांदाचाळ बांधा, चार फुटांची बांधा, आणि आत कांदा भरू नका. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी मोठ्या चाळीलाही हाच सल्ला लागू पडतो.

दोन सूचना. शेतातलं उरलेलं हिरवं शेडनेट ताणून पिंजरा करायचा मोह होईल. करू नका, नख अडकून निघतं. नायलॉनची मच्छरदाणीही नको. ती रातकिडे कुरतडतात, आणि मग सरड्यासाठी आणलेले रातकिडे ताईच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, पलंगाखाली संसार थाटतात. पिंजरा आपल्या डोळ्यांहून उंच ठेवा. वरून वाकून बघणारा जो कोणी असेल तो त्याच्या लेखी शिक्राच, मग तो कितीही लाडानं बघत असो.

पायरी चौथी: पानं

इथे भाच्याची अट लागू होते. जिवंत पान नको, म्हणजे प्लास्टिकचं आलं. ते कुठे मिळतं हे कळवणला सांगायला नको. चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरतात तेव्हा गडाच्या वाटेवरच्या दुकानांत नारळ, खण, कुंकू यांच्या शेजारी प्लास्टिकची तोरणं टांगलेली असतात. आंब्याची पानं, झेंडू, मधूनच एखादं द्राक्ष. फूलशेती करणारे लोक या फुलांवर बंदी मागत आहेत. त्यांच्या मागणीत तथ्य आहे, पण आपला विषय सरडा आहे.

प्लास्टिकचं पान घेताना ओढून बघा. सुटून हातात आलं तर ते उद्या त्याच्या पोटात जाईल. टोपवाला येमेनी सरडा पानं चावतो. किडे कमी पडले म्हणून नव्हे, त्याला पाला आवडतो. प्लास्टिकचा पाला पचत नाही, आतडं बंद करतो. रंग बोटाला लागतो का तेही घासून बघा. वेलीच्या आत तार असते, ती पाण्यानं गंजते आणि टोक बाहेर काढते. कापडी पानं जास्त खरी दिसतात. खऱ्या पानांसारखीच ती कुजतात, एवढंच की नवी फुटत नाहीत. सगळा पसारा दर आठवड्याला उतरवून गरम पाण्यानं धुवा.

बसायला फांद्या लागतात. वाळकी फांदी जिवंत नसते, तेव्हा ती अटीत बसते. डाळिंबाच्या छाटणीनंतर बांधावर ढीग पडलेला असतो, हव्या तेवढ्या फांद्या न्या, काटे तासून टाका. ज्या बागेत वर्षभरात फवारणी झालेली नाही अशाच बागेतली फांदी घ्यावी. अशी बाग सापडली तर मलाही कळवा, बघायला येईन.

पायरी पाचवी: पाणी

ही पायरी मी सावकाश लिहिणार आहे.

मी दहा वर्षांचा होतो, साल १९८१. कायदा तेव्हा नऊ वर्षांचा; दोघंही लहान, आणि एकमेकांना ओळखत नव्हतो. पुनदच्या बाजूनं मजुरीला आलेल्या एका पोरानं मला घोयरा दाखवला आणि मी तो काठीवर घरी आणला. कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घातलं, बाजूनं फट राहू नये म्हणून विटा लावल्या. आत हिरवळ हवी म्हणून दारावरचं जुनं प्लास्टिकचं तोरण काढून डालग्यात आडवं बांधलं. घोयरा त्याच्यावर जाऊन बसला. मला वाटलं, आवडलं. वाटीत पाणी ठेवलं, काठोकाठ. रोज बदलत होतो. नाकतोडे धरून आणत होतो. पहिले दोन दिवस जीभ सुटायची, मी शाळेतली पोरं बोलावून दाखवली. पोरांनी विचारलं, हा लाल कपड्यावर ठेवला तर लाल होतो का? ठेवला. झाला नाही, काळपट झाला.

आजी ओट्यावर लसूण सोलत होती. तिनं एकदा मान वळवून बघितलं आणि अहिराणीत म्हणाली, "सोडी दे त्याले, मरी जाई." आजी प्रत्येक गोष्टीला असंच म्हणायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

डोळे आत गेले होते. हे मला तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं: डोळे खोल जाणं हे त्याच्या तहानेचं लक्षण. नवव्या दिवशी तो तोरणाला तसाच धरून होता, बोटं सोडवावी लागली. वाटी भरलेली होती.

हा प्राणी वाटीतलं पाणी ओळखत नाही. साचलेलं, न हलणारं पाणी म्हणजे पाणी, हे त्याला माहीतच नाही. त्याचं पाणी पानावर असतं. पहाटेचं दव, पावसाचा थेंब, पानाच्या टोकाला येऊन चमकणारा. तो चमकला की जीभ टेकवायची. माझ्या डालग्यात पानं होती, थेंब नव्हता.

तेव्हा बिनझाडाच्या पिंजऱ्यात थेंब तुम्हाला पाडावा लागेल. औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणा, तिच्यावरचं चाक फिरवून दोन-तीन सेकंदाला एक थेंब असा वेग लावा, बाटली पिंजऱ्यावर टांगा, थेंब प्लास्टिकच्या पानावर पडू द्या. ठिबकची नळी वापरू नका. आपला साधा ड्रिपर तासाला चार लिटर सोडतो, तो डाळिंबाला पुरतो. सरडा वाहून जाईल. शिवाय सकाळ-संध्याकाळ बारीक तुषार मारा. त्यासाठी फवारणीचा जुना पंप कितीही धुतला तरी चालणार नाही. आणि लक्षात घ्या, जिवंत पान पाणी झेलतं, थोडं पितं, थोडं हवेत सोडतं. प्लास्टिकचं पान पाणी खाली सोडून मोकळं होतं. ते सगळं पाणी सातव्या मजल्याच्या फरशीवर येईल आणि तिथून सहाव्या मजल्यावर. खाली परात ठेवा. परात रोज ओता, नाहीतर ताईला न चालणारे डास तिथेच होतील.

पायरी सहावी ते नववी

उजेड: पिंजरा खिडकीशी ठेवला की ऊन मिळतं, असं वाटतं. मिळतो तो उजेड. उन्हातला जो भाग हाडांना लागतो तो साध्या काचेतून आत येत नाही. म्हणून त्यासाठी खास नळी लावावी लागते, तीही वर्षाच्या आत बदलावी लागते. ती पेटत राहते, पण हाडांच्या कामाची उरत नाही. बदलली नाही तर हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, आणि फांदी धरण्यासाठीच घडलेल्या प्राण्याला फांदी धरता येत नाही. शेकायला वेगळा दिवा, त्याखाली साधारण तीस अंश, आणि रात्री अंधार. कळवणला मे महिन्यात बाहेरच चाळीस होतात, तेव्हा दिवा काढा आणि सरड्याऐवजी स्वतःची सोय बघा.

खाणं: रातकिडे. विकत आणायचे, त्यांना आधी भाजीपाला खाऊ घालायचा, मग त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरवायची. म्हणजे एक सरडा पाळायला शंभर रातकिडे पाळायचे आणि त्यांच्यासाठी गाजर किसायचं. ताईला हे अजून सांगितलेलं नाही.

रंग: बदलतो, पण कपड्याप्रमाणे नाही. ऊन हवं असेल तर गडद, राग आला तर पट्टे, झोपेत फिकट. त्वचेतल्या पेशींत अगदी बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी मादागास्करच्या सरड्यावर हे २०१५ साली दाखवून दिलं. थोडक्यात, मनात असेल तेच तो कातडीवर लिहितो. आपल्याकडे मन लपवणाऱ्यांना सरडा म्हणतात. सरड्यांना अब्रुनुकसानीचा दावा करता येत नाही म्हणून चाललंय.

माती: मादी असेल तर माती लागते. नर नसला तरी येमेनी मादी अंडी धरते, आणि ती घालायला तिला खाली उतरून बीळ उकरायचं असतं. माती मिळाली नाही तर ती अंडी अडवून ठेवते आणि त्यात मरते. म्हणजे एक खोल बादलीभर ओलसर माती आत ठेवायची. भाच्याच्या अटीचं इथे काय होतं ते त्यानं ठरवावं. मी एवढंच विचारलं, की माती ठेवतोच आहेस तर तिच्यात एक जास्वंद का लावत नाहीस? थेंब, सावली, ओल, आडोसा, चावायला पाला, सगळं तिच्यात येतं, आणि ती मागते तांब्याभर पाणी. तो म्हणाला, "मामा, मग ते बिनझाडाचं कसं?"

शेतकऱ्यांसाठी पुरवणी: मोठा पिंजरा

वरची सगळी खटपट फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. ज्याच्याकडे दोन-चार एकर आहे त्याला बिनझाडाचा पिंजरा फार सोप्या रीतीनं तयार करता येतो. आमच्या तालुक्यात तो बराचसा तयार आहे.

आधी जुनं कुंपण काढा. जुनं म्हणजे हिरवं: थोर, मोगली एरंड, निरगुडी, घाणेरी, मधूनमधून बोर आणि बाभूळ, आणि त्या सगळ्यावर गुळवेल. असं कुंपण कुणी लावलेलं नसतं. आजोबांनी थोराची कांडी खोचली, बाकीचं पाखरांनी केलं. थोर तोडताना डोळे जपा, चीक डोळ्यात गेला तर दवाखाना. जेसीबी असेल तर तासाभराचं काम. मग सिमेंटचे खांब, काटेरी तार, पाच पदर. बांधावरची बाभूळ तोडा, तिची सावली कांद्याच्या दोन वाफ्यांवर पडते. बांधावर उरलेल्या गवताला तणनाशक मारा. आठ-दहा दिवसांत बांध पिवळा पडला की समजायचं, पिंजरा झाला. जिवंत रोप एकही नको असलं की हीच पद्धत.

कुणी हसण्यावारी नेऊ नये. माझं शेत तीन बाजूंनी असंच आहे आणि प्रत्येक बाजूला कारण होतं. एका बाजूनं डाळिंबं चोरीला जात होती. एका बाजूच्या थोरात उंदरांची बिळं होती आणि ते ठिबकच्या नळ्या कुरतडत होते. तिसऱ्या बाजूला काहीच त्रास नव्हता, पण दोन बाजूंनी तार आली की तिसरी बाजू गबाळी दिसायला लागते. बँकेचा माणूस आला तेव्हा तार बघून म्हणाला, शेत नीटनेटकं आहे.

तारेवर सरडा बसतो. नेहमीचा, म्हणीतला. त्याला खांबही चालतो, तापलेलं सिमेंट तर आवडतंच. घोयरा बसत नाही. त्याला फांदीमागून फांदी लागते, एका झुडपातून दुसऱ्या झुडपात पाय टाकता येईल इतकी जवळ. झुडूप संपलं की त्याला खाली उतरावं लागतं, आणि खाली तो तसाच चालतो, पानासारखा झुलत. नांदुरीच्या रस्त्यावर तो एवढा का दिसतो, याचं मला फार दिवस कौतुक वाटायचं.

पहिल्या पायरीत मी लिहिलंय, काठीचं टोक पलीकडच्या झुडपाला टेकवा. गेल्या दिवाळीआधी मी स्वतः ते करायला गेलो. काठीवर घोयरा, फुगलेला, फुसफुसत. पलीकडे तार. तिच्यापलीकडे मका. अलीकडच्या बाजूला आलो, तार, शेडनेट, तार. काठी समोर धरून मी चालत राहिलो, आरतीचं तबक न्यावं तसा. मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून गेले. एकानं थांबून विचारलं, काका, विषारी आहे का? मी म्हटलं, हो. निदान तो तरी उतरून मारायचा नाही.

चालता चालता मला नृगराजा आठवला. कीर्तनात ऐकलेला. हजारो गाई दान केलेला राजा. त्यातली एक दान दिलेली गाय चुकून पुन्हा त्याच्या कळपात आली आणि दुसऱ्या ब्राह्मणाला दिली गेली. दोघंही म्हणाले, गाय माझी. बदल्यात लाख गाई देतो म्हटलं तरी कुणी हटेना. त्या भांडणापायी नृग सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला आणि कृष्णानं उचलून काढीपर्यंत तिथेच राहिला. सरडा कोंडून ठेवल्याची याहून जुनी गोष्ट माझ्या ऐकिवात नाही.

साधारण अडीचशे पावलांवर झुडूप मिळालं. माझंच. म्हणजे माझं की नानाचं, ते ठरायचं आहे.

आमच्या शेताची चौथी बाजू. नाना माझा चुलतभाऊ. दोनशे फूट लांब आणि जेमतेम चार हात रुंद असा बांध, जो मोजणीत एकदा त्याच्याकडे गेला आणि एकदा माझ्याकडे आला. एकोणीस वर्षं दावा चालू आहे. कोर्टाचा 'जैसे थे' आदेश आहे: निकाल लागेपर्यंत कुणी काही तोडायचं नाही, लावायचं नाही, तार टाकायची नाही. त्यामुळे तिथे थोर दीड पुरुष वाढलाय, निरगुडी त्याच्यात घुसलीय, बोरीवर गुळवेल चढून पार पलीकडे उतरलीय. दोघंही तिथे औषध मारत नाही, कारण मारलं तर दुसरा फोटो काढून वकिलाला देतो. वन्यजीवांचे कायदे मी वर सांगितलेच. पण या तालुक्यात एकाही झुडपाचं पान न हलू देणारा कायदा मी हा एकच पाहिला.

घोयरा काठीवरून बोरीवर गेला. एक डोळा माझ्याकडे, एक पुढच्या फांदीकडे.

दिवाळीत भाचा आला तेव्हा त्याला रात्री विजेरी घेऊन नेलं. झोपलेला घोयरा फिकट पडतो, पांढुरका, पानांत विजेरी फिरवली की वाळक्या शेंगेसारखा उठून दिसतो. आम्हाला तीन मिळाले, एकमेकांपासून चांगले लांब लांब. भाच्यानं हळू आवाजात विचारलं, "मामा, यांना पाणी कोण देतं?" मी विजेरी खाली केली. निरगुडीच्या पानांवर दव धरायला लागलं होतं.

पिंजऱ्याची मापं त्यानं लिहून घेतली: लांबी दोनशे फूट, रुंदी चार हात, उंची मोजलेली नाही, मालक नक्की नाही.

पंधरा दिवसांपूर्वी नाना ओट्यावर येऊन बसला. चहा झाला. म्हणाला, "आप्पा, आपली वयं झाली. पोरांना कशाला कोर्टाच्या फेऱ्या? आपसात मिटवू. मधोमध तार टाकू, अर्धा तुझा अर्धा माझा. जेसीबीवाला माझ्या ओळखीचा आहे." एकोणीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबलो होतो. मी त्याला आणखी एक कप चहा दिला आणि म्हटलं, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, बोलणं बरं नाही.

तो गेल्यावर वकिलांना फोन केला. पुढची तारीख जूनच्या आत नको म्हटलं, घोयऱ्यांची अंडी तोवर जमिनीत असतात.